दगड हातात घेऊन शिकवणारी पेटी: ४० खडक-खनिजांच्या एका शैक्षणिक संचाचे परीक्षण

खडक आणि खनिजे ओळखायला शिकवणारे तयार संच बाजारात बरेच मिळतात. परंतु त्यांतील बहुतेक संच पाहण्यापुरते असतात. नमुने घासून गुळगुळीत केलेले, तळाशी घट्ट चिकटवलेले आणि वरून पारदर्शक झाकण लावलेले असते, त्यामुळे विद्यार्थ्याने लेबल वाचावे, रंग लक्षात ठेवावा आणि पुढच्या नमुन्याकडे वळावे, एवढेच त्याच्या हाती राहते. आमच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी यंदा घेतलेला ४० नमुन्यांचा संच या बाबतीत वेगळा आहे, म्हणून त्याचे सविस्तर परीक्षण येथे करत आहे. याच स्वरूपाचे संच निरनिराळ्या नावांनी अनेक ठिकाणी विकले जातात, त्यामुळे विक्रेत्याचे नाव न देता, कोणताही संच घेताना काय तपासून पाहावे हे कळेल अशा रीतीने गुणदोष मांडणे मला अधिक उपयुक्त वाटते.

पेटी लाकडी आहे आणि तिच्या कप्प्यांत २४ खनिजे व १६ खडक सुटे ठेवलेले आहेत. प्रत्येक नमुना अंदाजे तीन ते चार सेंटिमीटरचा, बहुतांशी हातोडीने फोडलेल्या अवस्थेतील, म्हणजे ताजा पृष्ठभाग दिसेल असा आहे. नमुन्यावर केवळ क्रमांक आहे. नाव, गुणधर्म आणि रासायनिक संघटन वेगळ्या छापील कार्डावर दिले आहे. ही योजना फार चांगली आहे, कारण कार्ड शिक्षकाने स्वतःजवळ ठेवले की विद्यार्थ्याला नमुना खरोखरच तपासावा लागतो. सोबत बिनझिलईची पोर्सिलेनची फरशी, काचेची पट्टी, तांब्याचा तुकडा, पोलादी खिळा, साधे लोहचुंबक, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि आम्लासाठी ड्रॉपरची रिकामी बाटली मिळते. आम्ल आपले आपण घालायचे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील विरल हायड्रोक्लोरिक आम्ल त्यासाठी पुरेसे होते.

या संचाची खरी किंमत नमुना क्रमांक ३ आणि ९ शेजारी शेजारी ठेवल्यावर कळते. महाराष्ट्रात ओढ्याच्या काठी, विहिरीच्या मातीत किंवा दगडाच्या खाणीजवळ पांढरे, अर्धपारदर्शक दगड विपुल सापडतात, आणि मुले ते घेऊन आली की त्या सर्वांना सरसकट गारगोटी म्हटले जाते. संचातील हे दोन्ही नमुने पांढरे आणि काचेसारखी चमक असलेले आहेत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात निवड करणे अवघड आहे. मात्र क्रमांक ३ काचेच्या पट्टीवर ओढला की स्पष्ट ओरखडा उठतो, क्रमांक ९ मात्र काचेवर घसरतो आणि पोलादी खिळ्याने सहज खरवडला जातो. क्रमांक ३ फुटलेला आहे तेथे शिंपल्याच्या आतील बाजूसारखा वक्र, म्हणजे शंखाभ भंग दिसतो. क्रमांक ९ वर तीन दिशांनी सपाट पृष्ठे आहेत आणि त्याचा लहानसा तुकडा फोडला तरी तो पुन्हा तशाच तिरप्या ठोकळ्यांत फुटतो. शेवटी आम्लाचा थेंब टाकला की क्रमांक ९ वर लगेच बुडबुडे येतात आणि क्रमांक ३ वर काहीच घडत नाही. पहिला नमुना क्वॉर्ट्झ, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, आणि दुसरा कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

येथेच रसायनशास्त्राचा धागा विद्यार्थ्याच्या हाती देता येतो. क्वॉर्ट्झमध्ये सिलिकॉनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंना आणि ऑक्सिजनचा प्रत्येक अणू सिलिकॉनच्या दोन अणूंना बळकट बंधांनी जोडलेला असतो आणि ही जोडणी तिन्ही दिशांना सारखीच पसरलेली असते. त्यामुळे तो कठीण असतो आणि त्याला सहज फुटण्याची ठरावीक दिशा, म्हणजे स्पष्ट पाटन, नसते. कॅल्साइटमध्ये कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचे आयन एकमेकांच्या आकर्षणाने बांधलेले असतात, ठरावीक पातळ्यांवर हे बंधन कमी पडते आणि आम्लाने कार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कठिनता, पाटन आणि आम्लाची परीक्षा या तीन वेगळ्या युक्त्या म्हणून पाठ करण्याऐवजी एकाच रचनेची तीन लक्षणे म्हणून समजल्या की रासायनिक सूत्राला अर्थ येतो. हे साधण्यासाठी खरवडता आणि फोडता येतील असे कच्चे नमुने लागतात, आणि ते या संचात आहेत, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

हीच गोष्ट संगजिरे आणि अभ्रक यांच्या जोडीत आणखी सुंदर दिसते. दोन्हींची रचना सिलिकेटच्या पातळ थरांची आहे. संगजिऱ्यात, म्हणजे जलयुक्त मॅग्नेशियम सिलिकेटात, थरांना एकमेकांशी धरून ठेवणारे बल अगदी क्षीण असल्याने ते नखाने खरवडले जाते आणि बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. पांढऱ्या अभ्रकात, म्हणजे मस्कोव्हाइटमध्ये, थरांमध्ये पोटॅशियमचे आयन असतात; ते थरांना धरून ठेवतात, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात खरे, पण अखंड आणि लवचिक सुटतात. संचातील अभ्रकाचा नमुना जाड आणि स्वच्छ आहे, त्याचे पापुद्रे काढायला दिले तरी तो बराच काळ टिकेल.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठिनतेच्या दहा पायऱ्यांपैकी (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) संगजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज आणि क्वॉर्ट्झ हे पहिले सात आणि नववे कुरुविंद येथे आहे. पुष्कराज आणि हिरा नाहीत, आणि या किमतीत ते अपेक्षितही नाहीत. या श्रेणीसोबत कायनाइटची निळसर पट्टी दिली आहे, हे निवड करणाऱ्याच्या जाणतेपणाचे लक्षण आहे. भंडारा जिल्ह्यात ज्याच्या खाणी आहेत असे हे ॲल्युमिनियमचे सिलिकेट लांबीच्या दिशेने पोलादी टोकाने खरवडता येते, पण आडव्या दिशेने तेच टोक त्याच्यावर चालत नाही, कारण लांबीच्या दिशेने त्याची कठिनता ५ च्या आसपास आणि आडव्या दिशेने ७ च्या जवळ असते. कठिनता हा पदार्थाचा एकच ठरलेला आकडा असतो, ही समजूत या एका नमुन्याने दूर होते.

लोहखनिजांचा गटही उत्तम आहे. हेमॅटाइटचा नमुना पोलादी करड्या रंगाचा, धातूसारखी चमक असलेला आहे आणि तो मॅग्नेटाइटच्या काळ्या नमुन्यापासून ओळखणे सोपे नाही. परंतु पोर्सिलेनच्या फरशीवर घासताच हेमॅटाइटचा कस, म्हणजे त्याच्या पुडीच्या रेघेचा रंग, तांबडा-तपकिरी उमटतो, मॅग्नेटाइटचा काळा आणि तिसऱ्या, लिमोनाइट नावाच्या नमुन्याचा पिवळसर तपकिरी. गोव्यात आणि सिंधुदुर्गात खाणीच्या रस्त्यांवर जी लाल धूळ दिसते ती कोठून येते, याचे उत्तर त्या तांबड्या रेघेत आहे. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के आणि मॅग्नेटाइटमध्ये सुमारे ७२ टक्के लोह असते. दोन्ही लोहाची ऑक्साइडेच आहेत, पण चुंबकाकडे जोराने ओढले जाते ते मॅग्नेटाइट. चुंबक दोऱ्याला टांगून संचातील बेसाल्टजवळ नेला तर तोही किंचित हलतो, कारण आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. कार्डावर हा प्रयोग दिलेला नाही, परंतु शिक्षकांनी तो अवश्य करून दाखवावा. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे: फरशीची स्वतःची कठिनता सातच्या जवळपास असल्याने तिच्याहून कठीण खनिजाचा कस तिच्यावर उमटत नाही, उलट फरशीचीच पांढरी पूड निघते. कुरुविंदाचा कस कार्डावर ‘पांढरा’ असा छापला आहे, तो या फरशीवर पडताळता येणार नाही.

वजनाचा अंदाज घेण्यासाठी बॅराइट आणि गॅलेना हे दोन नमुने दिले आहेत. हातात घेताच बॅराइटचे जडपण जाणवते. बेरियम सल्फेट असलेल्या या खनिजाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेत वजन, ४.५ आहे, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कॅल्साइटचे २.७. संचात तराजू नाही, पण स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे मापन चांगले होते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, नमुना दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा, आणि नमुन्याच्या कोरड्या वजनाला त्या वेळी दिसणाऱ्या आकड्याने भागावे. आमच्या गॅलेनाचे उत्तर साडेसातच्या अगदी जवळ आले. हे शिशाचे सल्फाइड आहे, त्यामुळे ते हाताळल्यावर हात धुवावेत अशी सूचना कार्डावर ठळक अक्षरांत हवी होती, ती नाही.

आता कार्डाविषयी. नमुन्यांची निवड ज्याने केली त्यानेच हे कार्ड लिहिले असेल असे वाटत नाही. सर्व ४० नमुन्यांपुढे ‘रासायनिक सूत्र’ असा एकच रकाना ठेवला आहे आणि तो भरण्यासाठी खडकांनाही सूत्रे दिली आहेत. ग्रॅनाइटपुढे सिलिकॉन डायऑक्साइडचे सूत्र छापले आहे, म्हणजे कार्डाच्या हिशेबाने ग्रॅनाइट आणि क्वॉर्ट्झ एकच ठरतात. खनिजाला ठरावीक रासायनिक संघटन आणि अणूंची ठरावीक मांडणी असते. खडक हा खनिजांचा समुदाय असतो आणि त्याला एक सूत्र असू शकत नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वॉर्ट्झ, दोन प्रकारचे फेल्स्पार (ऑर्थोक्लेजसारखी सिलिकेटे) आणि बहुधा अभ्रक असते, आणि संचातील नमुन्यात हे कण भिंगाने वेगवेगळे ओळखता येतात, इतका तो भरड व चांगला आहे. मग डोळ्यांना जे दिसते आहे तेच कार्डाने नाकारावे, हे खेदजनक आहे. खडकांसाठी ‘घटक खनिजे’ आणि ‘सिलिकाचे प्रमाण’ असे दोन रकाने ठेवले असते तर ग्रॅनाइटमध्ये साधारण ७० टक्क्यांच्या पुढे-मागे आणि बेसाल्टमध्ये ४५ ते ५२ टक्के सिलिका, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, असते, म्हणून पहिला फिकट व हलका आणि दुसरा काळा व जड, हे एका दृष्टिक्षेपात समजले असते. बॉक्साइट खनिजांच्या यादीत घालून त्याला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूत्र देणे ही याच प्रकारची चूक आहे. बॉक्साइट हा ॲल्युमिनियमच्या अनेक जलयुक्त ऑक्साइडांचा आणि हायड्रॉक्साइडांचा खडक आहे. लिमोनाइटही एकसंध खनिज नसून मुख्यतः गोथाइट असलेले मिश्रण आहे.

नमुन्यांतही तीन दोष आढळले. डोलोमाइट म्हणून दिलेल्या तुकड्यावर थंड, विरल आम्लाचा थेंब पडताच तो जोरात फसफसला. डोलोमाइट हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे संयुक्त कार्बोनेट आहे आणि ते अखंड असताना थंड आम्लाला फारच मंद प्रतिसाद देते. पूड केली तरच बुडबुडे स्पष्ट दिसतात. म्हणजे मिळालेला नमुना साधा चुनखडक होता. तक्रार केल्यावर विक्रेत्याने तो विनामूल्य बदलून दिला आणि दुसरा नमुना कसोटीला उतरला, हे येथे नोंदवणे न्याय्य आहे. दुसरा दोष अकीकाचा. चकचकीत घासलेली, गडद गुलाबी रंगाची ही चकती रंगवलेली आहे. भिंगाखाली रंग भेगांमध्ये आणि सच्छिद्र पट्ट्यांत साचलेला स्पष्ट दिसतो. दागिन्यांच्या बाजारात असा अकीक सर्रास विकला जातो, पण शिकवण्याच्या पेटीत त्याला जागा नाही, कारण नैसर्गिक अकीक असा दिसतो अशी समज विद्यार्थ्याच्या मनात पक्की होते.

तिसरा दोष गंभीर आहे. क्रमांक २१ हा तंतुमय ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे क्रिसोटाइलचा नमुना आहे आणि तो इतरांसारखाच उघड्या कप्प्यात ठेवलेला आहे. त्याचे तंतू बोटांनी सहज सुटतात, आणि हवेतून श्वासाबरोबर आत गेलेले असे तंतू फुप्फुसांच्या रोगांना व कर्करोगाला कारण ठरतात, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय सिद्ध केलेले आहे. मुलांनी खरवडून पाहावे म्हणून दिलेल्या पेटीत हा नमुना असणे मला कोणत्याही सबबीवर मान्य नाही. आम्ही तो दोन जाड प्लॅस्टिक पिशव्यांत बंद करून, वर सूचना चिकटवून कुलपात ठेवला आहे. ज्यांच्याकडे असा संच आधीच असेल त्यांनी वर्गात नेण्यापूर्वी पहिल्यांदा हेच तपासावे, आणि नवीन मागवणाऱ्यांनी हा नमुना वगळून देण्याची अट घालावी.

खडकांच्या १६ नमुन्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण ते नेटके आहेत. संगमरवर आणि क्वॉर्टझाइट हे दिसायला जवळचे असलेले दोन रूपांतरित खडक शेजारच्या कप्प्यांत ठेवले आहेत आणि काच व आम्ल यांनी ते झटकन वेगळे करता येतात. वालुकाश्मातील कण भिंगाने मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. जांभ्याचा तुकडा मात्र मुद्दाम उल्लेख करण्यासारखा आहे. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी केरळातील अंगाडिपुरम येथील जांभ्याचे वर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या कोकणात तर तो घरांच्या भिंतींतच असतो. मूळ खडकातील सिलिका आणि विद्राव्य घटक पावसाने हजारो वर्षे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले की जांभा तयार होतो, त्यामुळे बेसाल्ट, जांभा आणि बॉक्साइट हे तीन नमुने एका ओळीत मांडले तर खडकाच्या रासायनिक झिजेचा संपूर्ण प्रवास टेबलावर दिसतो. कार्डाने हे तिन्ही तीन ठिकाणी विखुरले आहेत.

सर्वांत मोठी उणीव मला जाणवली ती झिओलाइटांची, म्हणजे रचनेत पाणी सामावून घेणाऱ्या ॲल्युमिनियमयुक्त सिलिकेट खनिजांची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांपासून बनलेल्या दख्खनच्या बेसाल्टात वायूंच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी खनिजे स्फटिकरूपाने वाढली, आणि पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतील निळे कॅव्हन्साइट तर खनिजप्रेमींना सर्वत्र परिचित आहे. पुण्यात विकल्या जाणाऱ्या संचात यांपैकी एकही नसावे, हे समजण्यापलीकडचे आहे, कारण स्टिल्बाइटचा साधा तुकडा मुळीच महाग नसतो. तो घातला असता तर क्वॉर्ट्झ आणि कॅल्साइट यांच्या जोडीला तिसरे पांढरे खनिज मिळाले असते: काचेवर ओरखडा न उठवणारे, विरल आम्लात न फसफसणारे, एका दिशेच्या पाटनावर मोत्यासारखी चमक असलेले. कोरड्या परीक्षानळीत त्याची पूड तापवली की नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात, कारण कॅल्शियम, सोडियम व ॲल्युमिनियमच्या या सिलिकेटात पाण्याचे रेणू सामावलेले असतात. ही कसोटी सध्या संचातील जिप्समवर करता येते, ज्यात वजनाने सुमारे २१ टक्के पाणी असते. पण जिप्सम नखाने खरवडले जाते आणि स्टिल्बाइट जात नाही, हा फरक विद्यार्थ्याने स्वतः अनुभवण्यासारखा होता. शिक्षकांनी हा तुकडा वेगळा मिळवून पेटीतच ठेवावा. तो घेताना विक्रेते ॲपोफिलाइटलाही झिओलाइट म्हणून देतात याकडे लक्ष असू द्यावे. ते त्याच पोकळ्यांत सापडते, परंतु त्याच्या सूत्रात ॲल्युमिनियम नाही, त्यात पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, पाणी आणि बहुधा फ्ल्युओरिन असते.

नमुने कोणत्या ठिकाणाहून आणले याची नोंद कोठेही नाही. हेमॅटाइट गोव्याचे की बळ्ळारीचे, मँगनीजचे खनिज नागपूरचे की बालाघाटचे, हे कळले असते तर तेच नमुने भूगोलाच्या तासालाही कामी आले असते, आणि आणणाऱ्याला ही माहिती असणारच, त्यामुळे ती छापायला काही खर्च नव्हता.

किंमत अडीच हजार रुपयांच्या घरात आहे. नमुन्यांचा आकार आणि साधने पाहता ती रास्त आहे, आणि ॲस्बेस्टॉस वगळून व कार्ड बाजूला ठेवून स्वतःचे तक्ते तयार करण्याची तयारी असलेल्या शाळेने हा संच घ्यावा असे मी सुचवतो. घरी एकट्याने शिकू पाहणाऱ्या मुलासाठी, जोपर्यंत कार्ड सुधारले जात नाही तोपर्यंत, तो घेऊ नये. जपणुकीच्या बाबतीत दोन नमुन्यांची काळजी घ्यावी लागेल. सैंधव, म्हणजे सोडियम क्लोराइडचा ठोकळा, पावसाळी हवेत पाणी धरून विरघळू लागतो; आणि पायराइट, म्हणजे लोहाचे सल्फाइड, दमट हवेत हळूहळू ऑक्सिडीभूत होऊन त्याच्यातून लोहाची सल्फेटे व गंधकाम्ल तयार होते, ज्याने शेजारचे नमुने आणि लाकडी कप्पाही खराब होतो. दोन्ही नमुने घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत आणि पुडी दर पावसाळ्याआधी बदलावी. तरीही सैंधव खराब झालेच तर चिंता नाही, विक्रेता सुटे नमुनेही देतो.